फोटोत नऊच

शिक्षण खात्याच्या पत्रात मजकूर थोडकाच होता. बाईंसकट सगळी मुलं दिसतील असा फोटो आठ दिवसांत पाठवा. दहापेक्षा एक जरी कमी भरलं, तरी शाळेला कुलूप.

मुलं होती बरोब्बर दहा. कुलूप लागलं तर त्यांना टेकडीपलीकडच्या शाळेत चालत जावं लागणार, आणि धाकट्या दोघी शाळाच सोडणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लगेच मुलांना ओळीत उभं केलं. "फोटोच ना? आत्ता काढू!"

पण काढणार कोण? गाव दिवसभर शेतावर. पुस्तकांच्या चवडीवर उभा केलेला मोबाइल तोंडावर आपटला. शेवटी पहिलीतल्या भिंगरीनं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी कारकुनाचा फोन आला. बाईंच्या मोबाइलवर तो अख्ख्या वर्गाला ऐकू जाई.

"बाई, नऊच आहेत."

"अहो, दहावी फोटो काढत होती!"

"फोटोत नाही, म्हणजे ती नाहीच. दुसरा पाठवा."

दुसरा बटाट्यानं, म्हणजे वर्गातल्या गोलमटोल पोरानं, काढला. पुन्हा नऊ. तोवर वर्गात बंड पेटलं होतं. "त्या दोघांनाच का? आम्ही काय घोडं मारलंय?" बाईंचा न्याय चोख. प्रत्येकाला पाळी मिळाली आणि 'चेहरे जुळवून पाहावेत' अशा विनंतीसह दहाही फोटो रवाना झाले.

चेहरे जुळवायला कारकुनाला सवड कुठली? त्यानं दहा फोटोंतली मुलांची डोकी मोजली आणि ठोकून दिलं: पटसंख्या नव्वद.

पंधरवड्यात ट्रकभर बाकं येऊन पडली. बाईंनी घाबरून फोन लावला. "अहो, दहाच आहेत!"

"वाढलेला पट कमी करायचा अर्ज पुढच्या वर्षी निघतो. आणि नव्वद मुलं तुम्हाला एकटीला कशी झेपणार? गुरुजी निघालेत."

गुरुजी आले. टेम्पोतून त्यांच्यामागे बायको उतरली, आणि मग एकामागून एक तीन मुलं. बाईंनी सामानालाही हात लावू दिला नाही. आधी हजेरीपट उघडला.

शेवटी ही नव्वद मुलं पाहायला कारकुनाला घेऊन खात्याचे साहेब स्वतः आले. "नव्वद कुठायत?"

बाईंनी दहा फोटो पुढे केले आणि सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी कारकुनाकडे असं पाहिलं, की तो बाकांमागे सरकला.

"आज किती आहेत?"

"तेरा, साहेब."

साहेबांनी स्वतः बोट नाचवत दोनदा मोजली. "मग कुलूप कशाला? चला, फोटो काढू. मीही उभा राहतो."

मोबाइल अर्थातच कारकुनाच्या हाती गेला. फोटो निघताच भिंगरीनं तो हिसकावून घेतला आणि एकेक चेहरा तपासला.

"साहेब, सगळे आहेत," ती गंभीरपणे म्हणाली, "पण कारकूनकाका फोटोत नाहीत. म्हणजे ते नाहीतच!"