तात्या राममंदिरी रुजू जाहले त्याची हकीगत

श्रीरामचरणी मस्तक ठेवून, संतसज्जनांस दंडवत घालून आणि कीर्तनास उशिरा येणाऱ्यांसही क्षमा करून हे वर्तमान लिहिले जाते ऐसे जे.

शके १९१७, मार्गशीर्षमासी, साताऱ्याचे राममंदिरी तीस वर्षे पेटीची साथ करणारे तात्यासाहेब यांचा डावा गुडघा मांडी घालघालून निकामी जाहला, म्हणोन सांगलीस डाक्तरांनी जुना सांधा बरतर्फ केला आणि पोलादी सांधा नामजाद केला. मग हुकूम सुटला की, चालावे, जिना चढावा, मात्र हयातभर मांडी घालू नये. तात्यांवर आकाश कोसळले. कारण पेटी भुईवर, आणि देवापुढे खुर्ची मांडू नये हा मंदिराचा सख्त कायदा. आणि कायदा करणारे कोण, तर खुद्द तात्या! दोन सालांमागे निवृत्त सुभेदार लालासाहेब कंबरदुखीपायी खुर्चीवर बसले, तो तात्यांनी ऐन पूर्वरंगात पेटी मिटून ती खुर्ची चपलांपाशी रवाना केली होती.

मग तीन मास मोहीम चालली. गुडघ्याखाली पंचा गुंडाळून दाबावा, टाच सरकवावी, आणि वॉकर घेऊन ओटीवरून न्हाणीघरावर कूच करावे. मनी धास्ती एकच: रामनवमीस जागा रिकामी राहिली तर मंडळी कोरेगावाहून दुसरा पेटीवाला आणतील, आणि तो एकदा बसला की उठायचा नाही.

नवमीस आठ दिवस उरता तात्या काठी टेकीत लालासाहेबांचे दारी गेले, कारण आता विश्वस्त तेच.

"या, या! खुर्ची मागाया आलाय व्हय? माजी चपलांत ठिवलीवती तुमी. तुमचीबी तितंच ठिवू, लांबनं वाजवा की!"

तात्यांनी मान खाली घातली. "चुकलो, सुभेदार. तुमची कंबर मला तेव्हा दिसलीच नाही."

लालासाहेब मवाळले. "आवं, पर कायदा तुमचाच हाय. मोडला तर लोक हसतील."

तात्यांचे कुटुंब शरयूबाई यांनी घरी मसलत दिली की, "माझ्या बाबांची नाटक कंपनीतली पायपेटी सांगलीत माळ्यावर धूळ खात पडली आहे. पायांनी भाता मारायचा, स्टुलावर बसून वाजवायची. ती काय भुईवर बसून वाजते? आणि स्टूल म्हणजे खुर्ची नव्हे, कायदाही शाबूत." डाक्तरांस विचारता ते म्हणाले, गुडघ्यास व्यायामच आहे. ही मसलत कळताच लालासाहेब जातीने जीप घेऊन सांगलीवर चालून गेले आणि पायपेटी दोरखंडांनी बांधून साताऱ्यास आणली.

शके १९१८, धातानाम संवत्सरे, चैत्र शुद्ध नवमी. कीर्तनकार बुवा उभे राहिले, मंडपात मुंगीस वाव नाही, आणि तात्या सूर लावीनात. फर्मान काढले की, चपलांपाशी लालासाहेबांची खुर्ची आहे, ती आधी आत यावी, आमचा कायदा आजपासून रद्द.

"मला वं कशाला? मी काय वाजवतो?" लालासाहेब लाजून मागे सरले.

तात्यांनी त्यांच्या हाती झांज दिली. "आजपासून तुम्ही साथीला."

मग भाता हलला, पोलादी गुडघा वरखाली जाहला, आणि सूर कळसास पोचला. लालासाहेबांची झांज आरंभापासून आरतीपर्यंत एकदाही तालात पडली नाही. आणि बेताल वाजविणाऱ्यास ज्यांनी जन्मात बसू दिले नाही, त्या तात्यांनी ती हसतमुखे सोसली. येणेप्रमाणे तात्यासाहेब कामी रुजू जाहले, पूर्ण फत्ते जाहली. गुडघा वाकला, तात्या त्याहून अधिक वाकले. रामकृपा.