नथ्थूनानांचं काम दारापर्यंत

या, अशा जवळ या. दारात उभं राहून कोणी गोष्ट ऐकतं का? मागच्या खेपेलाही असंच केलंत. उंबऱ्याबाहेरून खुशाली विचारली आणि मी चहा टाकेपर्यंत पसार. दारात उभं राहणाऱ्या माणसांनी मला फार छळलंय. त्यांतले पहिल्या नंबरचे म्हणजे आमचे नथ्थूनाना.

नानांना बसून क्लारनेट वाजवता येत नाही. खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वरातीपुढे चालत वाजवलं, त्यामुळे पाय थांबले की बोटंही थांबतात. खुर्चीत बसवलं तर नुसती हवा निघते. उठून दोन पावलं टाकली की सूर असा लागतो, की समोरच्या वाण्याचा हात तराजूवरच राहतो.

ओळख झाली ती अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत. मला बसल्या जागी गोष्ट सांगायची खोड. शाळा चौथीपर्यंत, पण तोंड पदवीधर, असं आमचे हे म्हणायचे. शेजारी बसल्या होत्या धुळ्याच्या विमलबाई. भजनी मंडळात ढोलकी वाजवतात, हे मला नंतर कळलं, तेव्हा परक्याच. त्यांना मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला पायी माहेरी निघालेल्या पोरीची गोष्ट सुरू केली. पोर पहिली नदी ओलांडते न ओलांडते तोच बाई माझ्या खांद्यावर झोपल्या. मला त्याचं नवल नाही. घरची नातवंडंही दुसऱ्या नदीच्या आत घोरायची. म्हणून तर माझ्या एकाही गोष्टीला शेवट नव्हता. कधी लागलाच नाही.

मी गप्प झाले, तर मागच्या सीटवरून हुंकार आला, "हूं. मंग फुडे काय व्हयनं, अक्का?"

पुढे काय झालं, हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. वळून पाहिलं तर पांढरी टोपी, झुपकेदार मिशा आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. मला वाटलं लाटणं. तेवढ्यात पुढे रेल्वेचं फाटक पडलं, गाडी थांबली. नाना खाली उतरले, फडकं सोडलं आणि रस्त्याच्या कडेनं चालत चालत त्या पोरीचं चालणंच वाजवायला लागले. विमलबाई जाग्या झाल्या आणि डोळे न उघडता समोरच्या सीटच्या पाठीवर ठेका धरला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, कंडक्टरनं नानांना तीनदा हाक मारली. अशी आमची कंपनी निघाली: एक चालणारा, एक झोपणारी आणि एक बडबडणारी.

मग दर गुरुवारी आमच्या अंगणात तालीम. सूनबाई फोनवर रेकॉर्ड करायची. नाना निंबाभोवती फेऱ्या घालत वाजवणार, म्हणजे त्यांच्यामागे गोष्ट सांगत मीही फिरणार. माझं वजन आणि माझे गुडघे तुम्ही जाणताच. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये माझी धाप भरलेली. ती गोष्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली तेव्हा सगळ्यांनी कळवलं, की थकलेल्या पोरीचा अभिनय अक्कांनी काय सुंदर केलाय. मी काही खुलासा केला नाही.

एकच भांडण होतं. पोर माहेरच्या दाराशी आली, की नाना क्लारनेट खाली घेत. मी म्हणायची, अहो, दारानंतरच तर वाजवायचं. मला शेवट येत नाही, तुम्ही काहीतरी फुंका, माझी लाज झाकेल. ते म्हणत, "आपलं काम दारापर्यंत शे." चहाही ओट्यावरच घेत. सहा महिने आले, एकदा उंबरा ओलांडला नाही. मला वाटे, म्हातारा आखडू आहे.

विमलबाईंनी धुळ्याला त्यांच्या महिला मंडळात कार्यक्रम ठरवला. त्या सकाळी एसटीत मी नानांना विचारलं, लेकीच्या लग्नात तरी बसून वाजवलं असेल. ते म्हणाले, लेकीच्या लग्नात जावयाच्या वरातीपुढे तेच वाजवत होते. बायको आधीच गेलेली. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून भाऊ-भावजयीनं केलं. आत त्यांचं काही काम नव्हतं. वरात मांडवाच्या दाराशी पोचवली आणि अक्षता बाहेरूनच टाकल्या.

मी हसले हो. मला वाटलं, मिशीतल्या मिशीत गंमत करतायत.

हॉल भरला होता. स्टेज एवढंसं, म्हणून नाना खुर्च्यांमधल्या वाटेनं चालत वाजवत होते. विमलबाई ढोलकीवर जाग्या होत्या, हे विशेष. मी माइकसमोर बसूनच सांगत होते, तरी सवयीनं धाप लागली. पोर दोन नद्या ओलांडून, पायातला काटा काढून माहेरच्या दाराशी आली. नाना बरोबर हॉलच्या दाराशी पोचले आणि थांबले. क्लारनेट खाली.

माझ्याकडे पुढे काही नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मग पुढे काय झालं?" एसटीतला तोच प्रश्न. मदतीसाठी नानांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, जणू वरात पोचली, आता बँडचा टेम्पो येईल आणि निघायचं. तेव्हा कुठे सकाळचं माझं हसणं माझ्याच मनाला लागलं.

मी माइक बाजूला ठेवला. म्हटलं, "दारात काय उभं राहायचं? आत या, नाना."

त्यांनी वळून पाहिलं. मग दाराशी चपला काढल्या. हॉलमध्ये कोणीच काढल्या नव्हत्या. वाटेनं न वाजवता आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसती हवा निघाली. कोणी हसलं नाही. मग सूर लागला, जरा बेसूरच, पण लागला. पाय मात्र खुर्चीखाली चालतच होते.

आता गोष्टीचा शेवट तोच आहे. घरचं माणूस म्हणतं, आत ये, आणि पुढे नाना वाजवतात.

गुरुवारी चहा आता स्वयंपाकघरात होतो. कालच नाना विचारत होते, तुमचे ते ओळखीचे दारातून का परततात. तेव्हा या लवकर, आखाजीच्या आधीच या. आणि चपला काढायच्या त्या आत येण्यासाठी काढा.