रकाना तयारच झाला नाही

ठवकर सरांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. ते पाहुण्यांना दारात का उभं ठेवतात, ते मग. नाहीतर तुम्ही त्यांना वेडा म्हणाल आणि मला वाईट वाटेल.

मनीषनगरातल्या त्यांच्या घरी कोणी गेलं की सर उंबऱ्यावरच विचारतात, "दात हायेत? साखर? मांडी घालता येते?" मग त्या माणसापुरतीच तयारी होते. दात नसले तर चिवड्याची वाटी निघतच नाही. एकदा आत बसल्यावर सरांच्या सासऱ्यांना आठवलं, आज चतुर्थीचा उपास. सरांनी त्यांना उठवलं. "चालू झाल्यावर बदल होत नाही, मामाजी. बाहेरून पुन्हा या." बिचारे चपला घालून पुन्हा आले!

हे खूळ ऑफिसातलं. कळमन्याच्या धान्य-फळबाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी सर प्रोग्राम लिहितात. तो कुठे अडकतो, ते मी बटणं दाबून शोधतो. संत्र्याच्या नोंदीत पेटी हवी, गव्हाच्या नोंदीत ओलावा. दुसरा कुणी हे रकाने एकेक करून टाइप करील. सरांचा प्रोग्राम कम्पाइल होताना, म्हणजे चालायच्या आधी घडत असतानाच, स्वतःची रचना निरखतो आणि लागतील तेवढेच रकाने आपले आपण तयार करतो. "पोरगी घरूनच नटून निघते तसा," सर म्हणतात. "रस्त्यात पावडर लावाची नाही."

मी तळकोकणातला, नववीत शाळा सोडलेला. इथे माझं कोणी नाही. मोठं गिऱ्हाईक येणार, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्र हवं, त्यावर शिक्षण हवं, असं मालकांनी सांगितलं. नववी गळ्यात घालून फिरलो की नोकरी गेली! कार्डं सरांच्याच प्रोग्राममधून निघणार होती, म्हणून मी त्यांना गाठलं.

"सर, माझं शिक्षण रिकामं सोडाल?"

"रिकामं काहून? रिकामं दिसलं का माणूस तिथंच बोट ठेवते. तुह्या कामाले ते लागते?"

"नाही."

"मंग तो रकाना बनवाचाच नाही गा!"

गिऱ्हाईक आलं. पहिलं माझंच कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. "इनका एज्युकेशन?"

"बना ही नहीं, साहब," सर म्हणाले.

"क्यों?"

"लगा नहीं. लगता, तो प्रोग्राम कम्पाइल के वक्त ही चिल्लाता."

साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली. साहेबांची हलली म्हणून मालकांचीही हलली.

भीतीपायी मी दुसऱ्या कुणाच्या गळ्याकडे पाहिलंच नव्हतं. दुपारी डबा खाताना सरांचं कार्ड वरणात बुडायला लागलं, म्हणून उचलून धरलं. नाव, काम, रक्तगट. बस. सर एम.टेक. आहेत, त्यांच्या आईनं ते दारावरच्या पाटीवर कोरून घेतलंय. मी बाकीच्यांची कार्डं पाहिली. शिक्षण कुणाच्याच कार्डावर नव्हतं.

"सर, तुमचं तर एम.टेक. होतं ना?"

"एकट्या तुह्याच कार्डात नसतं, तर सारे तुह्याच गळ्याकडे पाहून राहिले असते. जेव आता."

सरांना मासे आवडतात, पण काट्यांच्या भीतीनं खात नाहीत. माझं जरा बस्तान बसू दे. त्यांना गावी नेणार, बांगडा रांधणार, आणि समोर बसून एकेक काटा मीच काढून देणार.