मेजरांची वळणं

सातारा-वाई एस्टीत खिडकीशी बसून हातातल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीकडे टक लावून बघणारा माणूस तुम्हाला दिसला असेल, तर ते आमचे मेजर. ते पाणी ते पीत नाहीत, तहानेल्या शेजाऱ्यालाही देत नाहीत. वळणावर पाणी किती कलतं ते बघतात आणि निकाल सांगतात. पाणी सपाट राहिलं तर "वळण पास". कललं तर "नापास. डायवरनं घाई केली."

खरं तर ते हवालदार. लष्करात तेवीस वर्षं ट्रक चालवला. पण आमच्या कॉलनीत फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी त्यांचा शेजारी, आणि पॉलिटेक्निकमध्ये रस्तेबांधणी शिकवतो. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते वही-पेन घेऊन दारात उभे राहिले. बासष्टाव्या वर्षी त्यांना रस्त्याची भूमिती शिकायची होती. मी कारण विचारलं.

"आवं सर, इतकी वर्षं नुसती वळणं घेतली. कळाली न्हाईत."

प्राचार्यांची परवानगी काढून मी त्यांना वर्गात बसवलं. शेवटच्या बाकावर ते ताठ बसायचे आणि यादीत नाव नसताना उभं राहून हजेरी द्यायचे. वर्गमूळ विसरले होते, म्हणून नववीचं गणिताचं पुस्तक आणून पहाटे सोडवायला लागले. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली का असते, हे मी फळ्यावर दाखवलं त्या दिवशी ते जेवायचे विसरले. वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, हे कळल्यावर तर त्यांनी दूधवाल्याला थांबवून त्याची मोटारसायकल, कॅन आणि आयुष्य यांचा हिशेब समजावून सांगितला.

मग वळणाची त्रिज्या काढायचं खूळ शिरलं. दोन टोकांना दोरी ताणायची, मधे रस्ता दोरीपासून किती दूर जातो ते मोजायचं. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक टोक मी धरलं होतं. दोरी ओली का, असं मी विचारणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नी शालनकाकू फाटकात आल्या. त्यांची धुतलेली लुगडी अंगणात फरशीवर पडली होती. मेजरांनी आधी माप लिहून घेतलं, मग बोलणी खाल्ली.

माघात त्यांनी एक वही तपासायला दिली. तीत वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या एकाच घाटाची वळणं होती. प्रत्येकापुढे त्रिज्या, उतार आणि वेग. हाच घाट का, असं विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसत सांगितलं.

शालनकाकूंची थोरली बहीण घाटावरच्या खेड्यात राहते. तिचे पाय गेलेत, तिला खाली येता येत नाही. आणि काकूंना वळणं सोसत नाहीत. मागच्या खेपेला एस्टीतून अर्ध्यात उतरवून परत आणावं लागलं होतं. सहा वर्षं दोघी फोनवरच बोलत होत्या.

"नोकरीत असताना हिला बहिणीकडं न्यायला कवा सुट्टी गावली न्हाई," मेजर म्हणाले. "आता सुट्टीच सुट्टी हाय, तर हिला घाट सोसंना. रस्ता काय मला बदलता यायचा न्हाई, सर. स्पीड तेवढा माझ्या हातात हाय."

पुढच्या रविवारी मेजरांच्या पुतण्याची गाडी घेऊन निघालो. काकू पुढे, मी मागे बसून वहीतला वेग वाचून दाखवत होतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या. मेजरांनी आरशातही बघितलं नाही. वळणाच्या आधीच वेग उतरायचा, मधे ब्रेकला पाय नाही. पहिल्या काही वळणांना काकूंनी डोळे मिटून पदर तोंडाशी धरला होता. मग एक डोळा उघडला. अर्धा घाट चढल्यावर काकू स्ट्रॉबेरीचा भाव काय असेल ते विचारायला लागल्या.

बहीण दारातच खुर्चीवर बसली होती. काकू गाडीतून आपल्या आपण उतरल्या, निऱ्या नीट केल्या आणि चालत गेल्या. दोघी एकमेकींचे हात चाचपत राहिल्या.

चहा झाल्यावर काकूंनी पिशवी उचलली आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा म्हणाल्या.

"उताराचं गणित येगळं आसतंय," मेजर गंभीरपणे म्हणाले. "ते अजून व्हायचंय माझं. चार दिस तरी लागतील. व्हय का न्हाई, सर?"

उताराची सगळी गणितं मी आदल्याच आठवड्यात तपासली होती. एकही चूक नव्हती.

मी म्हणालो, चार दिवस कमीच पडतील. आणि पाचच्या एस्टीने एकटाच खाली आलो.