बुडालेलं नाणं पुन्हा पाण्यात

गिरीशची बालंबाल खात्री होती, की इतकी पक्की जागा बँकेलाही सुचली नसती! तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून वर काढलेलं चांदीचं नाणं त्याने लिलावात घेतलं आणि ठेवलं कुठे? देवघरात, देवांच्या मागे! आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये चोर शिरलाच, तर लॅपटॉप नेईल. बाळकृष्णाच्या पाठीमागे कशाला हात घालेल?

चोराने नाहीच घातला. सासूबाईंनी घातला!

शनिवारी दुपारी गिरीशने नाणं काढायला हात घातला, तर जागा रिकामी! संध्याकाळी नाणेसंग्राहक मंडळाचे तिघे घरी येणार होते. वर्षभर मनधरणी केल्यावर ते त्याला सभासद करून घ्यायला राजी झाले होते, पण आधी नाणं डोळ्यांनी पाहणार होते.

"आई, इथे एक काळपट नाणं होतं..."

"नाणं? नाही बाप्पा!" नुकत्याच नागपूरहून आलेल्या स्नेहलताबाई म्हणाल्या. "झिजलेला टाक होता. असा देव घरात ठेवत नसतात, गिरीशराव. सकाळी विसर्जन करून आले."

"कशात?"

"समुद्रात! दहीभात दाखवला, लाल कापडात बांधला आणि सोडला."

"आई, ते स्पेनच्या राजाचं नाणं होतं!"

"मला शिकवता? सिंह होता नं त्याच्यावर! देवी झिजून गेली, वाहन तेवढं राहिलं!"

"मीच आईला गाडीने घेऊन गेले," तन्वी म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या घरचा टाक असेल. तू सांगितलंस का कधी?"

कसं सांगणार? बायकोने किंमत विचारली असती!

"लोकांनी तीनशे वर्षांनी काढलं, मी आजच काढतो!" गिरीश गरजला.

सकाळी विसर्जन झालं होतं, त्या सीपॉइंटच्या समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सत्तरीची एक आयरिश बाई नुकतीच पोहून केस पुसत होती. पाणी कसं आहे, असं गिरीशने विचारलं.

"ग्रँड!" ती म्हणाली.

त्याने विश्वास ठेवून उडी मारली. कसलं ग्रँड! दातांचा ताशा वाजू लागला. पण गडी हटला नाही. पहिल्या बुडीत शेवाळ आलं, दुसऱ्या बुडीत कुणाचा तरी मोजा.

"गिरीशराव, सोडलेला देव परत मागू नये!" वरून सासूबाई ओरडल्या.

"मी... दे... देव मागत नाहीये!"

अखेर पायरीच्या कपारीत लाल कापड दिसलं. गिरीशने मुठीत नाणं उंचावलं, तशी आयरिश बाईने टाळ्या वाजवल्या आणि स्नेहलताबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"सोडला तरी परत आला! आता हा माझ्या लेकीचं घर सोडत नाही!" त्यांनी त्याच्या निळ्या पडलेल्या बोटांतून नाणं काढून घेतलं आणि थेट पदराला बांधलं.

संध्याकाळी मंडळी आली, तेव्हा पंचामृताने न्हालेलं नाणं हळदीकुंकू लेवून बसलं होतं. तिघांनी बूट काढले, हात धुतले आणि सांगितल्याप्रमाणे हात जोडले. गिरीश पुढे सरसावला.

"तिथेच थांबा! खाऱ्या पाण्यातून आलात, आधी आंघोळ!" सासूबाईंनी अडवलं.

बाथरूमच्या दाराआडून शिंका देत त्याने ऐकलं, ते असं: स्नेहलताबाईंनी सिंह दाखवला, झिजलेली देवी समजावून सांगितली, तन्वीने इंग्रजी केलं. मंडळाचे प्रमुख भारावून गेले. जुन्या नाण्यावर इतकी माया करणारं माणूस आपण आजवर पाहिलं नाही, असं म्हणाले. मग एकमताने तिथल्या तिथे नवा सभासद करून घेतला.

स्नेहलताबाईंना!