सत्तावीस प्रश्नांनिशी गाण्याच्या डबीवर स्वारी

सकळ वाचकांस अर्ज ऐसा जे, गाण्याच्या डबीची मोहीम कैसी जाहली, कोण लढले, कोण दमले, याचे खरे वर्तमान लिहावे म्हणोन कन्येचा हुकूम जाहला. आणि तो मोडण्याची आमची छाती नाही, कारण कन्या म्हणजे आमची बायको, आणि मोहिमेचे सेनापती म्हणजे आमचे सासरे. आम्ही संपूर्ण मोहिमेत पिशवी धरून उभे होतो, सबब जे डोळां देखिले तेच लिहितो. पदरचे तिखटमीठ थोडकेच आहे.

सेनापती हे व्हॉल्व्हच्या कारखान्यातील निवृत्त तपासनीस. आला माल दारातच अडवावा, प्रश्न विचारावे, उणे दिसता लाल चिठ्ठी बांधून माघारी धाडावा, ऐसी एकतीस वर्षे चाकरी केली आणि मग निवृत्त जाहले, परंतु खोड निवृत्त जाहली नाही. लग्नापूर्वी आम्हांसही समोर बसवोन दोन तास चौकशी केली आणि शेरा मारिला, "सशर्त मंजूर." त्या शर्ती अद्याप उठल्या नाहीत.

ऐसे असता सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्यास बारीक छिद्र पडले. डॉक्टरांनी गुरुवारी शस्त्रक्रिया मुक्रर केली आणि फर्मान काढिले की, नंतर दहा दिवस पालथे पडोन राहावे, मान वर करू नये, वाचन बंद, टीव्ही बंद, मोबाइल बंद. ज्या बाई चहा गाळतानाही एका जागी उभ्या राहात नाहीत, त्यांस ही काळ्या पाण्याची शिक्षा वाटली आणि त्या मनोमन घाबरल्या. मग त्यांनी एकच मागणे केले, "मला गाणी ऐकायला एखादी डबी आणा. घरातला कुणाचा मोबाइल नको, मधेच फोन येतो आणि लोक तब्येत विचारत बसतात."

एवढीच अर्जी. शहाणा मनुष्य चपला घालता, दुकानी जाता आणि अर्ध्या तासात डबी आणिता. परंतु सेनापतींनी सोमवारी दार लावून खलबत मांडिले, खलबतास हजर स्वतः एकटेच, आणि सायंकाळपर्यंत सत्तावीस प्रश्नांची यादी सिद्ध केली. बॅटरी किती तास, आणि ते तास खोक्यावरचे की घड्याळातले. गाणी किती मावतात, आणि कोणत्या लांबीची. इंटरनेटवाचून चालते काय. कार्ड बसते काय. बंद करोन पुन्हा लाविता गाणे जेथे थांबले तेथूनच उठते काय. पालथे पडल्यावर कानातली बोंडे रुततात काय. बिघडल्यास दुरुस्ती कोण करितो आणि तो जिवंत माणूस आहे की नुसता नंबर. बारीकसारीक काही सोडिले नाही, ऐसे त्यांचे मत पडले.

मंगळवारी पहिल्या दुकानावर कूच जाहले. तिसऱ्याच प्रश्नास रण माजले. किती उंचीवरून पडल्यास फुटत नाही, ऐसे विचारिता दुकानदार म्हणाला, "काका, पण पाडायचं कशाला?" सेनापतींनी यादीत लिहिले, उत्तर देण्यास टाळाटाळ, आणि डबी नापास केली. बुधवारी आणखी दोन ठाणी धुंडाळिली. एक डबी कोठे थांबलो हे विसरत असे आणि दुसरीचा आवाज शेवटच्या पायरीवर फाटत असे, म्हणोन दोन्हींची वासलात लागली. गुरुवारी शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली आणि आमची पिशवी रिकामीच होती.

शुक्रवारी सासूबाई घरी आल्या, गोल भोकाच्या उशीत तोंड घालून पालथ्या पडल्या, आणि दिवसभर पंखा ऐकत राहिल्या. सायंकाळी त्या कोणास न सांगता रडल्या. उशी भिजलेली दिसली, आणि डोळ्यास पाणी लागणे बरे नव्हे म्हणोन कन्येचा राग अनावर जाहला आणि तिने बापास बजाविले, "बाबा, उद्या कुठलीही आणा, पण आणा." "कुठलीही" हा शब्द तपासनिसांनी जन्मात ऐकिला नव्हता.

शनिवारी चौथे दुकान. तेथील बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या आणि प्रश्न संपण्याआधी उत्तर देत होत्या. अकरापासून दोनपर्यंत वेढा चालिला. बाविसावा प्रश्न, खोके उघडिल्यावर माल परत घेता काय. बाई म्हणाल्या, "सील फोडलं की परत नाही." सेनापती संतोष पावोन म्हणाले, "नियम असाच हवा." मग सत्तावीसच्या सत्तावीस खुणा बरोबर पडल्या आणि पाटीसारखी काळी, चपटी, गुळगुळीत डबी आमचे पिशवीत आली. वाटेने सेनापती ऐसे ताठ चालिले की रिक्षावाल्यानेही वाट दिली.

घरी येताच सील फोडिले, गाणी भरिली, आणि डबी सासूबाईंच्या लोंबत्या हाती दिली. त्यांनी बोट फिरविले, गाणे सुरू जाहले. पुन्हा बोट लागले, गाणे उडाले. तिसऱ्यांदा आवाज ऐसा चढला की शेजारच्यांनी खिडकी लावली, आणि चौथ्यांदा डबी कोण जाणे कोणत्या भाषेत बोलू लागली. मग उशीच्या भोकातून आवाज आला, "अहो, याला बटण कुठंय?"

बटण नव्हते. नुसती काच होती, आणि काच पाहावी लागते. सेनापतींनी यादी उलटसुलट वाचिली, पाठकोरी बाजूही पाहिली, आणि त्यांचे तोंड एवढेसे जाहले. एकतीस वर्षांत असा माल हातून सुटला नव्हता. मग पायात चपला सरकवून पाचव्या दुकानी निघाले, तो सासूबाईंची आज्ञा जाहली, "आता कुठं जाऊ नका. सकाळपासून नुसते बाहेरच आहात. इथं बसा आणि तुम्हीच लावा."

सेनापती पलंगाशेजारी बैठ्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला, डबी दोन्ही हाती धरिली आणि हळूच विचारिले, "कोणतं लावू?"

सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय."

तपासनिसांनी सत्तावीस प्रश्नांची यादी घडी करोन खिशात घातली.

सबब नोंद करण्यात येते की, शनिवारी तिसऱ्या प्रहरी गाण्याची डबी फत्ते जाहली, आणि जेत्याची नेमणूक पलंगाशेजारच्या स्टुलावर, पुढचं, मागचं, जरा हळू, या हुकमांच्या तामिलीस जाहली. मुदत संपता डॉक्टरांनी सासूबाईंस उठून बसण्याची परवानगी दिली, त्यांचे डोळ्यास दिसू लागले, आणि डबी त्यांचे हाती सोपविण्याविषयी कन्येने सुचविले. त्यास सेनापतींनी हरकत घेतली. ती सासूबाईंकडून मंजूर जाहली.