मागच्या दाराचे उमेदवार

मत मागायला सेतूराव कधी कुणाच्या पुढच्या दारी गेले नाहीत. मद्रासच्या मैलापुरातली जुनी घरं लांबट. रस्त्याच्या बाजूला ओटा, त्याला तिथे तिण्णै म्हणतात. पाठीमागे विहीर आणि बोळ. महापालिकेच्या निवडणुकीला उभे असलेले हे गृहस्थ बोळातून शिरत आणि विहिरीपाशी भांडी घासणाऱ्या बाईला हात जोडत.

तिण्णैवर पान लावत बसलेल्या घरधन्यांना हे झोंबे. एकानं विचारलं, "काय सेतूराव, मत मागायला आलात की ताक?"

"तुमचं मत मला ठाऊक आहे. ताक असेल तर द्या."

मी तेव्हा एका दैनिकाचा बातमीदार, पुण्याहून मद्रासला आलेला, त्यांच्या शेजारी राहत होतो. उमेदवाराचा परिचय छापायचा म्हणून माहिती गोळा केली, ती अशी : घराणं तंजावरचं मराठी. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त. अविवाहित. पक्ष नाही. हुंडा घेतलेल्या लग्नाला जातात, अक्षता टाकतात आणि भर पंगतीत स्वतःचा डबा उघडून दहीभात खातात. बोलावणी थांबलेली नाहीत. लोकांना ते बघायचं असतं. ज्या घरात विधवेचं केशवपन झालं, तिथलं पाणी पीत नाहीत. म्हणून वडील होते तोवर स्वतःच्या घरातही शेजारच्या विहिरीचं पाणी पीत.

गटार असो, नळ असो, मुलींची शाळा असो, त्यांचा प्रश्न एकच : "शेवटी जेवते ती काय म्हणते?" प्रत्येक घरात सगळ्यांमागून जेवणारी एक बाई असते, तिला आधी विचारा. जाहीरनामा एवढाच.

मतदानाच्या सकाळी उमेदवार केंद्रावर हवा. सेतूराव आपल्याच उंबऱ्यावर बसून होते. आत त्यांची थोरली बहीण, अक्का. लहानपणीच विधवा झालेल्या; केस वडिलांनी काढवले. आईवेगळ्या सेतूरावांना त्यांनीच वाढवलं. पुढच्या दारानं त्या कधी बाहेर पडत नसत. कामाला निघालेली माणसं विधवा समोर दिसली की माघारी वळत.

"तू हो पुढं, सेतू. मी येते बोळातून."

"नाही. तू पुढं. ह्याच दारानं."

"समोर सगळे बसलेत. मला बघून तुझी मतं जातील रे."

"जाऊ देत."

"वेडा की काय! मग इतके दिवस उन्हात फिरलास कशाला?"

"ह्याच्यासाठी."

मग "सरी, सरी" म्हणजे 'बरं, बरं' असं तमिळमधून पुटपुटत, डोक्यावरचा पदर घट्ट धरून अक्का उंबऱ्याबाहेर आल्या.

भर रस्त्यातून अक्का पुढे आणि दोन पावलं मागे उमेदवार. समोर तिण्णैवर पान लावत बसलेले गृहस्थ उठून आत गेले. सेतूरावांनी त्यांच्या रिकाम्या तिण्णैला नमस्कार केला.

परतताना त्यांनी बहिणीला विचारलं, "कुणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं," अक्का म्हणाल्या.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. अक्का पानावर बसल्या होत्या. सेतूराव धोतर खोचून वाढत होते.

"निकालाबद्दल विचारायचं होतं," मी म्हणालो.

"विचारा. आज शेवटी जेवणारा मीच आहे."

"काय वाटतं?"

"पडणार," असं म्हणून त्यांनी अक्कांच्या पानात आणखी भात वाढला.